गज आणि कागद

शब्दांची कुळे शोधीत बसण्याचा नाद मराठीच्या मास्तरांना असतोच. आम्हीही त्यास अपवाद नाही. या नादाने कोणाचे पोट भरत नाही, आणि वर्गातील मुले तेवढ्या अवधीत आपल्या जांभया उरकून घेतात, हे आम्हांस ठाऊक आहे. तथापि क्वचित एखादा शब्द असा हाती लागतो की, त्याच्या उजेडात व्यवहारातले एखादे कोडे एकदम स्वच्छ दिसू लागते. ‘सुतार’ हा तसा शब्द आहे. ‘सूत्रधार’ हे त्याचे मूळ. नाटकातल्या सूत्रधाराशी याचे भाऊबंदकीचे नाते. फरक इतकाच की, याच्या हातातले सूत खरोखरीचे असते. आता दुसरा शब्द घ्या. इमारतीचा आराखडा काढणाऱ्यास आपण आर्किटेक्ट म्हणतो. शब्द मूळचा ग्रीकांचा, आणि त्याचा अर्थ ‘मुख्य सुतार’ असा आहे. त्यातला ‘टेक्टॉन’ आणि आपल्या संस्कृतातला ‘तक्षन्’ ही एकाच घराण्यातली भावंडे होत. म्हणजे एकाच व्यवसायाची ही दोन नावे! आपल्या शिल्पग्रंथांत तर चौघांची जोड सांगितली आहे : योजना करणारा स्थपती, मापे धरणारा सूत्रग्राही, लाकूड तासणारा तक्षक आणि ते जोडणारा वर्धकी. चौघे एकाच कामावर राबणारे. आज त्यांतला पहिला काचेच्या कचेरीत बसतो, शेवटचे दोघे सकाळी नाक्यावर उभे राहून रोजाची वाट पाहतात, आणि मधला सूत्रग्राही कोठे गेला कोण जाणे.

ही शब्दचिकित्सा आम्हांस अकारण सुचलेली नाही. कामरेजचे आमचे वडिलोपार्जित घर पाडावे की दुरुस्त करावे, हा प्रश्न गेली काही वर्षे आमच्या कुटुंबात तापलेला आहे, आणि त्या निमित्ताने एक आर्किटेक्ट व एक सुतार यांना एकाच तुळईखाली उभे राहून भांडताना, आणि पुढे भांडण सोडून काम करताना, आम्ही जवळून पाहिले आहे.

कामरेज हे सुरतेच्या परिसरातले गाव. त्याचे वय मोठे. सातव्या शतकातल्या गुजरातच्या चालुक्यांच्या ताम्रपटांत ‘कार्मणेय’ असा जो उल्लेख येतो तो याच गावाचा असे विद्वान मानतात. पुढे ते गायकवाडीत आले आणि नवसारी प्रांताचा भाग होऊन १ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन होईपर्यंत तेथेच राहिले. आमचे पणजोबा या गायकवाडीतच महसुलाच्या कारकुनीवर येथे आले आणि तापीचे पाणी त्यांना मानवले. आपल्या या मासिकाच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी अशीच कथा सांगितली जात असेल. दप्तरातल्या एका जीर्ण कागदावर घराच्या खर्चाचा हिशेब आहे व त्यावर संवत् १९४३ पडले आहे. म्हणजे इसवी सन १८८६-८७. सुताराच्या नावाच्या जागी केवळ ‘सुरतेचे मिस्त्री’ एवढेच लिहिलेले आहे. मजुरी पैपर्यंत मांडणाऱ्या कारकुनास नाव लिहिण्याची गरज वाटली नाही.

घर गुजराती आणि राहणारे मराठी, असा त्याचा थाट. पुढे ओटला, मग परसाळ, मध्ये लहानसा चौक, मागे स्वयंपाकघर. अरुंद दर्शनी आणि लांबच लांब खोल. परसाळीच्या मधल्या तुळईला हिंचक्याच्या चार कड्या. मात्र चौकात तुळशीवृंदावन, आणि देवघर कोकणस्थी पद्धतीचे, दोन पायऱ्या उंच. बडोद्याचा तांबेकरवाडा ज्यांनी पाहिला असेल त्यांना ही जोड परकी वाटणार नाही. दिवाण भाऊ तांबेकरांचा तो चार मजली वाडा भिंतींवरच्या चित्रांसाठी प्रसिद्ध आहे. परंतु चित्रांवरून नजर काढून वरच्या लाकडाकडे पाहावे. वाडा मराठी माणसाचा, पण लाकडाला बोलते करणारा हात गुजरातचा. दोन समाज एकमेकांशेजारी कसे नांदले याचा याहून टिकाऊ पुरावा आम्हांस ठाऊक नाही.

आमच्या घरात चौदा खांब आहेत, सारे सागाचे. हा साग कोठला, तर आपल्या पूर्वेकडच्या डोंगरांतला. सोनगड, व्यारा, डांग हे सागाचे माहेरघर. डांगातले लाकूड बाहेर काढण्याकरिता गायकवाड सरकारने १९१३ साली बिलिमोरा ते वघई अशी धाकटी रेल्वे घातली. वलसाडी साग म्हटले की आजही सुतार मान डोलावतो. प्रत्येक खांब दगडी तळखड्यावर (मिस्त्री त्यास कुंभी म्हणतात) नुसता उभा आहे. त्याला जमिनीत पुरलेले नाही. खांबाच्या माथ्यावर नक्षीचे भरणे, भरण्यावर तुळई, तुळईवर कडीपाट. खांबाच्या टोकास कुसू काढून तो वरच्या खाचेत बसविलेला आणि आरपार लाकडी खुंटी मारलेली. साऱ्या सांगाड्यात खिळा म्हणून नाही. भिंती विटांच्या आहेत. पण त्या बहुतेक पडद्यासारख्या. भार खांबांनी वाहावा, भिंतींनी ऊन-पाऊस अडवावा, अशी कामाची वाटणी.

या वाटणीचा अर्थ आम्हांस २६ जानेवारी २००१ रोजी कळला. सकाळी पावणेनऊचा सुमार. ध्वजवंदन नुकतेच आटोपले होते. भूकंप कच्छात झाला, परंतु सुरतेतही इमारत कोसळली. आम्ही धावत घरी आलो. परसाळीच्या गिलाव्याला बोटभर रुंदीच्या भेगा, कौले घसरलेली. मात्र चौदाच्या चौदा खांब आपापल्या कुंभ्यांवर होते तसे उभे. मातुःश्री म्हणाल्या, “सगळे घर करकर वाजले रे, गाडीसारखे.” त्या करकरण्यातच घर वाचले होते. सांधे थोडे हलू शकत होते, म्हणून मोडले नाहीत.

लाकडाचे हे गुण सांगताना त्याचे वैरीही सांगितले पाहिजेत. पहिला वैरी अग्नी. १८३७ च्या एप्रिलात सुरतेस लागलेल्या आगीत नऊ हजारांहून अधिक घरे जळाली. दुसरी वाळवी. तिसरे पाणी, आणि पाण्यापेक्षाही वाईट म्हणजे बाहेर पडू न शकणारे पाणी. ऑगस्ट २००६ च्या महापुरात तापी सुरतेत शिरली तेव्हा आमच्या परसाळीतही कमरेएवढे पाणी होते. ते उतरले, लाकूड वाळले. तेवढ्याने काही बिघडले नसते. परंतु वडीलबंधूंनी घराला बळकटी यावी या सद्हेतूने एका ठेकेदारास बोलाविले आणि त्याने प्रत्येक खांबाच्या पायाभोवती हातभर उंचीचे सिमेंटचे चौथरे बांधून दिले. वर गुळगुळीत घोटाई, कडेला लाल पट्टी. दिसायला झकास. त्या चौथऱ्यांच्या आत ओल कोंडली ती कोंडलीच. २०२२ च्या पावसाळ्यात एक चौथरा फुटला, तेव्हा आतल्या खांबाचा बुंधा बोटाने उकरता येत होता. हातात येई ती नुसती तपकीर. चौदांपैकी नऊ खांबांची हीच अवस्था निघाली. वर पाहावे तो हिंचक्याची तुळई मध्यावर चांगलीच लवलेली.

मग घरात सभा भरली. वडीलबंधू बडोद्यास असतात, एक बहीण नाशिकला, एक सुरतेतच. बंधूंचे म्हणणे सरळ होते : वाटेकरी चार, राहणारे आम्ही दोघे; कामरेज आता पूर्वीचे खेडे नाही, महामार्गामुळे जागेला भाव आला आहे; विकून मोकळे व्हावे. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. त्यांच्या आजारपणाचा खर्चही आम्ही डोळ्यांआड करू शकत नव्हतो. याच सुमारास जुन्या लाकडाचा एक व्यापारी येऊन गेला. मोठा गोड माणूस. त्याने खांबांवर बोटांच्या पेरांनी टकटक केली, डॉक्टर छाती तपासतो तशी, आणि घनफुटावर भाव सांगितला. खांब एका हॉटेलात लागणार होते, नक्षीची भरणी दिवे टांगण्यासाठी, आणि दाराची चौकट आरशाला. रक्कम ऐकून आमच्या सौभाग्यवतींनी चहात साखर दोनदा घातली. आम्ही सर्वांकडून दोन वर्षांची मुदत मागून घेतली; पुढचा भाग आमच्या भविष्यनिर्वाह निधीतून दुरुस्त करून दाखवावयाचा, तो पाहून सर्वांनी ठरवावयाचे.

आर्किटेक्ट मिळाली ती आमचीच जुनी विद्यार्थिनी. सातवीपर्यंत आमच्या हाताखाली होती. पुढे अहमदाबादेस वास्तुविद्या शिकली. मिस्त्री मिळाले ते सुरतेतले, वय सत्तरीच्या पलीकडचे, जातीचे आणि हाताचेही सुतार. पहिल्या दिवशी तिने चकाकणाऱ्या यंत्राने लाल ठिपका टाकीत साऱ्या घराची मापे घेतली. मिस्त्री ओटल्यावर बसून तंबाखू मळीत पाहात होते. आठवड्याने ती नकाशे घेऊन आली. मिस्त्रींनी ते दोन्ही हातांनी अदबीने धरले, उलटसुलट केले, परत दिले आणि म्हणाले, “बेन, कागळ तो सीधो छे, पण लाकडुं क्यां सीधुं छे?”

प्रश्न खरा होता. तिच्या नकाशात चौदाही खांब सारखे, काटकोनात. प्रत्यक्षात एकही खांब दुसऱ्यासारखा नाही. बुंध्याशी जाड, माथ्याकडे निमुळते, कोणी किंचित डावीकडे कललेले. उलट तिचेही खरे होते. घराचा भार कोठून कोठे उतरतो हे मिस्त्रींना एकेका सांध्यापुरते ठाऊक होते, सगळ्या घराचे मिळून नव्हते. तुळई लवण्याचे कारण तिने शोधले. वरच्या मजल्यावर एका जुन्या भाडेकरूने हजार लिटरची पाण्याची टाकी बसविली होती, ती बरोबर त्याच तुळईवर. हजार लिटर पाणी म्हणजे हजार किलो, एक टन. सोळा वर्षे ती तुळई एक टन अधिक वाहात होती, आणि आम्ही मात्र तिच्या वयाला दोष देत होतो. मिस्त्रींनी तर त्या तुळईखाली एकच टेकू देऊन ती उचलण्याचा बेत केला होता. तिने हिशेब मांडून दाखविले की, एका टेकूखालची फरशी तेवढ्यानेच खचेल. भार चार ठिकाणी वाटला पाहिजे. मिस्त्री काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी आलेच नाहीत. आम्हांस वाटले, काम बुडाले. तिसऱ्या दिवशी ते आले ते चार टेकू आणि ओंजळभर पाचरी घेऊन.

दोघांची खरी गाठ पडली ती एका काठीमुळे. तिच्या नकाशातल्या आकड्यांना काही ताळतंत्र लागेना. खांबाखांबांतले अंतर कोठे २ मीटर ८४ सेंटिमीटर, कोठे ३ मीटर ५५. चौकाची रुंदी आणखी निराळी. फुटांत काढले तरी तेच. तिला वाटले, जुन्या लोकांनी अंदाजाने बांधले असावे. एका दुपारी मिस्त्रींनी आपल्या पेटीतून आजोबांचा गज काढला. शिसवी काठी, वापरून काचेसारखी झालेली, कडेला तसूंच्या खुणा. चोवीस तसूंचा गज. पण गावोगावचा गज निराळा असे, आणि हा तिने मोजला तो ७१ सेंटिमीटरांचा भरला. मिस्त्रींनी तो जमिनीवर टाकीत टाकीत खांबापासून खांबापर्यंत नेला : एक, दोन, तीन, चार. पुरे. पुढचा खण पाच गज. पुरे. खांबाची जाडी सहा तसू. साऱ्या घरात अपूर्णांक निघेना! पोरीच्या चेहऱ्यावर त्या वेळी जो भाव उमटला तो आम्ही पूर्वी एकदाच पाहिला होता. पाचवीत तिचे पहिले त्रैराशिक सुटले तेव्हा. घर अंदाजाने बांधलेले नव्हते. आपण चुकीच्या भाषेत त्याच्याशी बोलत होतो. त्या रात्री तिने सारे नकाशे गज-तसूंत पुन्हा काढले. आणि गंमत अशी की, ज्या दोन ठिकाणी माप गजात बसत नव्हते, त्या ठिकाणी मागाहून फेरफार झाल्याचे भिंत उकरल्यावर आढळले.

हा गज धरणारा तो गजधर. आपल्याकडचे ‘गज्जर’ हे आडनाव यावरूनच आले असे सांगतात. आणि गज्जर म्हटले की सुरतेच्या माणसाला त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर आठवलेच पाहिजेत. १८६३ साली सुरतेत सुतार समाजात जन्मलेला हा मुलगा रसायनशास्त्राचा प्राध्यापक झाला. मुंबईत व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला कोणी डांबर फासले तेव्हा तो स्वच्छ करणारे गज्जर ते हेच. सयाजीराव महाराजांनी १८९० साली बडोद्यास कलाभवन काढले, त्याचे पहिले प्रमुख गज्जर. तेथे रंगकाम, यंत्रकाम, शिल्प, सुतारी असे विषय शिकविले जात, आणि ते देशी भाषांतून शिकवावे असा गज्जरांचा आग्रह होता. दादासाहेब फाळकेही तेथे शिकले. ज्याच्या हातात हत्यार आहे त्याला शास्त्र मिळावे, असा कलाभवनाचा विचार आम्हांस दिसतो. पुढे या विचाराचे काय झाले ते आपण पाहतोच. आमच्या शाळेत ‘बारा बलुतेदार’ या धड्यातला सुतार मुलांना तोंडपाठ असतो. पटाशी कोणी हातात धरलेली नसते. पूर्वी आठवड्यातून दोन तास उद्योगाचे असत, तेही आता वेळापत्रकात नाहीत. आम्ही त्याविषयी वरिष्ठांस दोनदा लिहिले. असो.

आर्किटेक्ट आणि कारागीर एकत्र येणे ही काही नवी गोष्ट नव्हे. ते कसे एकत्र येतात यावर सारे अवलंबून असते. १८८१ साली लॉकवुड डी फॉरेस्ट हा अमेरिकन सजावटकार अहमदाबादेस आला आणि मगनभाई हठीसिंग यांच्याबरोबर त्याने लाकडी कोरीवकामाचा कारखाना काढला. तेथल्या मिस्त्रींनी कोरलेला साग न्यूयॉर्कच्या घरांत गेला. डी फॉरेस्टच्या दहाव्या रस्त्यावरील घराची सागवानी खिडकी आजही तेथे दिसते. काम अप्रतिम. परंतु घर अमेरिकन विटांचे आणि सागाची खिडकी भिंतीवर दागिन्यासारखी लावलेली. ती काही वाहात नाही, काही तोलत नाही. हातांना तेथे नक्षी विचारली गेली, बुद्धी विचारली गेली नाही. याच्या उलट उदाहरण सुरतेतच जन्मलेल्या नारी गांधींचे (१९३४–१९९३). अमेरिकेत फ्रँक लॉइड राइट यांच्यापाशी राहून आलेला हा पारशी गृहस्थ नकाशांच्या भेंडोळ्यांवर विसंबत नसे. अलिबाग-लोणावळ्याकडे घरे बांधताना तो गवंडी-सुतारांबरोबर जागेवर उभा राही आणि काम हातांसमोर ठरे. अलीकडे बिजॉय जैन यांच्या ‘स्टुडिओ मुंबई’ने हीच वाट धरली. २००७ साली नांदगावच्या नारळी बागेत त्यांनी बांधलेल्या ताडाच्या झडपांच्या घरात लाकूडच घराला उभे धरते. त्यांचे सुतार स्वतः वह्यांतून आकृत्या काढतात आणि सांधे खऱ्या मापात करून पाहतात. हे सारे धनिकांसाठी झाले, असा आक्षेप कोणी घेईल तर तो आम्हांस मान्य आहे. कामरेजच्या मास्तराच्या घराला ते कसे लागू पडावे, हाच आमचा प्रश्न होता.

तो सुटला परसाळीच्या जमिनीवर. खांबाचा सडलेला बुंधा कापून खाली नवे लाकूड जोडावयाचे होते. तिचा पहिला विचार पोलादी पट्ट्या लावण्याचा. मिस्त्री म्हणाले, लोखंडाला पावसाळ्यात घाम येतो आणि तो घाम लाकूड पिते. मग दोघांनी मिळून सांधा जमिनीवर खडूने खऱ्या मापात काढला : वरच्या आणि खालच्या लाकडाला एकमेकांत गुंतणारे दात, दोन हातांची बोटे गुंफावी तसे, मध्ये पाचर आणि आडव्या दोन खुंट्या. खुंटीची भोके मिस्त्रींनी मुद्दाम केसभर चुकवून पाडली, कारण खुंटी ठोकली की ती सांध्याला आपणच ओढून घेते. दात किती लांब असावेत यावर दोघांत दोन दिवस वाद चालला. ती म्हणे खांबाच्या जाडीच्या अडीचपट; मिस्त्री म्हणत, या खांबाला दोनपट पुरे, त्या खांबाला तीनपट हवी, त्यात गाठ आहे. शेवटी प्रत्येक खांबाचा सांधा निराळा ठरला आणि तिने नऊ निराळ्या आकृत्या काढल्या. नवे लाकूड उभे करताना मिस्त्री रेषा निरखून मुळाकडची बाजू खाली ठेवीत; झाड जसे उभे होते तसाच खांब उभा राहावा, हा त्यांचा नियम. सिमेंट सारे खरवडून काढले, जागी चुना आला. टाकी मागच्या भिंतीवर गेली.

सहा खांब झाले आहेत. सातव्याच्या वेळी मिस्त्रींच्या खांद्याने दगा दिला आणि काम दोन महिने थांबले. त्यांचा मुलगा सुरतेत एका कारखान्यात आहे. तेथे संगणकावर आकृती घातली की यंत्र प्लायवूडचे पत्रे कापून टाकते. महिन्याकाठी बापाहून अधिक मिळवितो. त्यात वाईट ते काय? त्याने एकदा येऊन सांधा पाहिला, बोट फिरविले, आणि म्हणाला की, हे यंत्रात घालता येईल, पण प्रत्येक खांबासाठी नवी आकृती घालावी लागेल. मिस्त्री हसले. आम्ही हिशेब केला तेव्हा आणखी एक गोष्ट लक्षात आली : आर्किटेक्टची फी ठरते कामाच्या एकूण खर्चावर शेकड्याने, मिस्त्रींची मजुरी रोजावर. नऊ सांध्यांचा विचार दोघांनी केला, पण विचाराचे पैसे एकालाच मिळावे अशी आपली रीत. पोरगी समंजस; तिने आपल्या फीतला एक भाग मिस्त्रींच्या नावे करावयास सांगितले, आणि मिस्त्रींनी तो घेण्यास तीन वेळा नकार देऊन चौथ्या वेळी घेतला.

तिच्या नकाशांविषयी मात्र आमचे मत पालटले आहे. प्रथम आम्हांस तो कागदी खटाटोप वाटे. पण पॅरिसच्या नोत्र-दामची हकीकत वाचली आणि विचार करू लागलो. त्या देवळाच्या छपराचा जुना ओकचा सांगाडा १५ एप्रिल २०१९ रोजी जळून गेला. त्याआधी २०१४ साली रेमी फ्रोमाँ आणि त्यांचे एक सहकारी या आर्किटेक्टांनी त्यातली लाकडे बारकाईने मोजून नकाशे करून ठेवले होते. त्यांच्या आधारे सुतारांनी कुऱ्हाडींनी ओक तासून सांगाडा पुन्हा उभा केला आणि डिसेंबर २०२४ मध्ये देऊळ उघडले. आपला शनिवारवाडा १८२८ च्या फेब्रुवारीत जळाला. जुन्नरच्या जंगलातला साग होता तो. आज तेथे गेले की दगडी जोती तेवढी मोजता येतात, आणि वरचे मजले ज्याने त्याने आपल्या मनात चढवावे.

आमच्या घराच्या चौदा खांबांवर आता खडूचे आकडे आहेत, आणि तेच आकडे तिच्या कागदांवर आहेत. प्रत्येक सांध्याची आकृती, कोठे गाठ, कोठे चीर, सर्व गज-तसूंत आणि मीटरांतही. कागदाच्या कोपऱ्यात नावांची चौकट असते. तीत तिने स्वतःच्या नावाखाली मिस्त्रींचे नाव घातले आहे. मिस्त्रींनी ते वाचून घेतले आणि आजोबांचे नावही घालता येईल काय, असे विचारले. गज त्यांचा आहे म्हणून.

वडीलबंधू दिवाळीत येणार आहेत. मुदत तेव्हा संपते. व्यापाऱ्याचा दूरध्वनी अधूनमधून येतो. बंधूंच्या मनात काय आहे ते त्यांनी अजून सांगितलेले नाही, आणि आम्हीही विचारलेले नाही. उरलेल्या तीन खांबांसाठी व्यारा बाजूच्या सागाचा एक ओंडका आणला आहे. तो अजून ओला आहे, म्हणून परसाळीत दोन काठ्यांवर आडवा ठेवला आहे. उन्हात ठेवावयाचा नाही, भिंतीला टेकवावयाचा नाही. दर पंधरवड्याने एक कूस पालटावयाची. हे काम मिस्त्रींनी आमच्याकडे सोपविले आहे, आणि पालटल्याची तारीख ओंडक्यावरच खडूने लिहावी अशी त्यांची ताकीद आहे.